झाकण उघडायचं नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं ओरडायला काय झालं?" आता तुम्हीच सांगा, ऑगस्टचं ऊन, गाडीचा पत्रा तव्यासारखा तापलेला, आणि हा माझा नवरा, बोंग-सू, दर दहा मिनिटांनी पेटीत डोकं घालून बघतोय, आतलं गार आहे का म्हणून! अहो, तुमच्या बघण्यानंच गारवा पळतोय! झाकण उघडायचं नाही!

तुम्हाला सांगते, ही गाडी म्हणजे माझा जीव. तेगू शहराच्या बाजारात वीस वर्षं मासे साफ केले तेव्हा कुठे आली. मागे गादी टाकली, शेगडी बसवली. राहिला फ्रीज. यांनी आणला गाडीच्याच बॅटरीवर चालणारा, तर सकाळी गाडीच सुरू होईना! झालं, थोरल्या नणंदेला, मल-सुन वन्संना, तेवढंच हवं होतं. "विका तो पत्र्याचा डबा! नाहीतर समुद्रावर मुक्काम करून तिसऱ्या दुपारी मला सोयाबीनचं गार सार वाढून दाखव!"

सोयाबीनचं सार! ऑगस्टात! सकाळी केलेलं दुपारी आंबतं ते! आणि परीक्षा घ्यायला बाई स्वतः हजर, किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये खोली घेऊन!

मी काय केलं? बाजारातल्या, मासे ठेवायच्या थर्माकोलच्या दोन पेट्या, एकात एक, मधल्या फटीत जुन्या रजईचा कापूस, वरून चंदेरी चटई गुंडाळली. पण साधा बर्फ पुरेना हो! डोकं धरून बसले... आणि समोर काय? किमचीचा कोबी खारवून उरलेलं मिठाचं पाणी! दरवेळी मोरीत ओततो ना आपण? ते बाटल्यांत भरून गोठवलं. बर्फाहून गार! गारवा खाली उतरतो, म्हणून बाटल्या वर, सार तळाला. आणि यांच्या बिअरला वेगळी पेटी, तिच्यात खुशाल डोकं घाला, ह्या पेटीचं झाकण उघडायचं नाही!

वन्संनी नाक मुरडलं. "सुन-बोक, हे माशाचं खोकं गं! यात खायचं ठेवतेस?"

"माशालाच विचारा वन्सं, यात नासला होता का!"

दोन दिवस मी पेटीवर बसून काढले. हो, वर बसून! हे म्हणतात, "अगं, जरा बघू तरी..." बघू? झाकण उघडायचं नाही!

तिसऱ्या दुपारी सारात घालायला शेवया उकडल्या, वन्संसमोर वाडगा ठेवला, माझ्या हातानं झाकण काढलं... आणि काय सांगू! सारावर बर्फाचा चुरा तरंगतोय! बाजारातल्या खानावळीत मिळतो ना, तस्सा! वन्संनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. तीन वाडगे रिचवले बाईंनी!

मग म्हणाल्या, "गाडी विकायची नाही."

जिंकले की नाही? जिंकले! गाडी राहिली! फक्त त्याच संध्याकाळी वन्संनी लॉजची खोली सोडली, म्हणाल्या, "इथं जेवण चांगलं आहे." तेव्हापासून दर खेपेला गादीवर वन्सं, आणि आम्ही दोघं पुढच्या सीटवर, बसून झोपतो...