मसणवट्यातली वाट

त्या दिवशी आम्ही दोघांनी मसणवट्यात लॉन अंथरली. कासुर्डीकडनं टेंपो आला व्हता, मी गुंडाळ्या उलगडायच्या आन् कौसानं, म्हंजी माझ्या बायकोनं, हातानं दाबत मागं सरकायचं. अवो, बायकांना मयतीला हितं येऊ देत न्हाईत, मंग गवत लावायला बऱ्या चालत्यात, असं म्हणली. मी म्हणलं, गप दाब, ऊन चढतंय. एवढंच बोलणं. घरी येऊन हातपाय धुतले, छातीत कळ आली म्हणली, दौंडाच्या दवाखान्यात नेईपत्तर संपलं.

काय सांगू तुम्हाला. जन्म माझा मांडवगण फराट्याचा, शाळा दुसरीपत्तर, तीबी मारून मुटकून. सणसवाडीला एका कंपनीत माळी म्हणून लागलो, तितं पुण्याच्या मॅडम यायच्या, लँडस्केप आर्किटेक्ट. मला वाटायचं, बागंला कशाला इंजिनेर, पण इमारत सोडून जी मोकळी जागा उरती, तितं पाणी कुठं जाईल, सावली कुठं पडंल, माणूस कुठनं चालंल, त्याचं शिक्षान आसतं त्ये. त्यांच्या हाताखाली नकाशा वाचाया शिकलो, गोल म्हंजी झाड, तुटक रेघ म्हंजी पाइप. मॅडमनी कागदावर काढायचं, आम्ही नवराबायकोनं जमिनीवर उतरवायचं, कंपन्या, बंगले, शाळा, किती झाल्या ध्यानात न्हाई. पोरबाळ न्हाई आम्हाला. लोक म्हणत्यात, झाडंच तुमची लेकरं. कशाची लेकरं, झाड काय विचारतंय व्हय, जेवला का म्हणून.

आता नदीच्या ह्या अंगाला, दौंडाकडं ऱ्हातो. गावानं मसणवटा सुधारायचा ठरवला, मीच मॅडमना आणलं. फाटकापासनं चौथऱ्यापत्तर त्यांनी वळणाची वाट काढली, बाजूनं लॉन. नकाशा मी बघितला, सरपंचानं बघितला, समद्यांना झ्याक वाटला.

कौसा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मडकं घेऊन मी पुढं, वळणानं चाललो. मागं बघतो तर तिरडी सरळ लॉनवरनं, आन् अख्खं गाव तिच्या मागं. मी वरडलो, आरं तितनं न्हाई, कालच लावलीय, मूळ धरायचंय अजून! म्हातारं येडं झालं, कुणीतरी म्हणलं. पुतण्याचा खांदा व्हता, त्यो म्हणला, आबा, वजन हाय, वळणावर चौघांची पावलं जुळत न्हाईत. तिचं गवत तिच्याच मयतीनं तुडवलं.

सांजच्याला मॅडम आल्या, ओट्यावर बसून रडल्या. म्हणल्या, आबा, चुकलं माझं, तिथं वळण नको होतं. तुमचं सुतक फिटू द्या, मग बदलू. मेव्हणा लगीच म्हणला, व्हय, दाजी, आता खुरप्याला हात लावायचा न्हाई. मी म्हणलं, आन् मधीच दुसरं कुणी गेलं तर? त्ये काय माझ्या सुतकासाठी थांबतंय?

सकाळी उठून गेलो. राख अजून गरम व्हती. लॉन चेपली व्हती, पण मेली नव्हती. पाणी मारलं आसतं तर तरली आसती. जीव म्हणत व्हता, ऱ्हाऊ दे, तिच्या हातची हाय. तरी फाटकापासनं चौथऱ्यापत्तर दोरी ताणली, चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ मारली आन् तेवढी लॉन खुरप्यानं सोडवून काढली. फरश्या बसतील मागनं, तिरडीला जायला जागा झाली. घरी आलो, आंघोळ केली आन् सुतकात बसलो.