लांबडीची काठी

...नाही, पण मी म्हणतो, माणसाला आधी 'कसे आहात' एवढं तरी विचाराल की नाही? नाही! जुन्या गाड्यांचा मेळावा, मैदानात गाडी उभी केली, एक पाय जमिनीवर, दुसरा अजून आतच, तोवर चार शौकीन हजर आणि चौघांचा प्रश्न एकच. 'वा! छान केलीय हो! बरं... किती लागले?'

तुम्हाला सांगतो, घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून म्हणतात ना, ते म्हणणाऱ्यानं जुनी स्टेशन वॅगन दुरुस्तीला टाकून पाहिली नव्हती! स्टेशन वॅगन म्हणजे कळलं ना? पुढून मोटार, मागून खोली. एवढी लांब की तोंड वळलं तरी शेपूट अजून आधीच्याच गल्लीत. आमच्या बाबांची गाडी. आम्ही तिला लांबडीच म्हणायचो. अख्खं खानदान मावायचं आणि सगळ्यात मागे, उलट्या तोंडाची, एक सीट... ती माझी! सगळ्यांना पुढचं गाव येताना दिसायचं, मला मागचं जाताना. शिवाय माझ्याकडे एक खातं होतं. काठीचं! मागचं दार वर उघडायचं, पण वर राहायचं नाही, म्हणून बाबांनी खाच पाडून त्याला टेकू दिलेला एका काठीचा. सामान भरायचं, की दार वर, खाली काठी, आणि काठी धरून मी. 'काठी सोडू नकोस रे!' झालं, हे माझं बालपण.

पुढे बाबांचा डावा गुडघा गेला आणि लांबडी गेली ताडपत्रीखाली. बाबा दिवसभर खिडकीत, डोळे त्या ताडपत्रीवर. जरा बाहेर चला म्हटलं, की 'मला आता कुठं जायचंय?' म्हटलं, काय वाट्टेल ते होऊ दे, या माणसाला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या गाडीतून फिरवायचंच.

दिली मिस्त्रीकडे! मिस्त्री म्हणजे एक शांत माणूस. नुसता बॉनेट उघडून मान हलवायचा. 'साहेब, वरून काही नाही, पण आत...' हे 'पण आत' ऐकलं की माझा हात खिशाकडे! इंजिन नवं, सीटा नव्या, गिअर आपोआप पडणारे, आणि मागच्या दाराला गॅसच्या दोन दांड्या. बटण दाबा, दार हळूच वर! काय थाट! आमची ही म्हणाली, 'अहो, सगळं नवंच घालायचं होतं, तर नवी गाडी काय वाईट होती?' वर परत, 'बरं, किती लागले?' घरातसुद्धा!

तर गाडी दारात आली. अशी चकाकत होती, की मी तिच्यात भांग पाडला! बाबा आले, हातातली काठी टेकत टेकत गाडीभोवती फिरले, मागे जाऊन थांबले. म्हणाले, 'काठी कुठंय?' म्हटलं, 'बाबा, आता काठी लागत नाही, बटण आहे!' 'काठी कुठंय?' अहो, ती मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी भंगारात टाकलेली! 'मग ही आपली गाडी नव्हे.' आणि वळले, गेले आत. खिडकीत! हे सगळं ज्यांच्यासाठी केलं, ते बसायलाच तयार नाहीत!

म्हणून तर त्या मेळाव्याला नेली. म्हटलं, चार जाणकारांनी वाखाणली की बाबा विरघळतील. बाबा आले... पण टॅक्सीनं! सुनेबरोबर! घडीच्या खुर्चीवर बसले, तोंड दुसऱ्या गाडीकडे.

आणि जाणकार? अरे देवा! एक टोपीवाले म्हणतात, 'हा हिरवा त्या काळी नव्हताच.' दुसरे, 'होता, पण असा नव्हता.' तिसरे आत डोकावले आणि किंचाळले, 'क्लच काढला? गाडीचा आत्मा काढलात हो तुम्ही!' चौथे, 'आत्म्याचं काय घेऊन बसलात, चालते तरी!' झाली जुंपली! मग 'किती लागले?' मी आकडा सांगितला... कानात! टोपीवाले म्हणाले, 'एवढ्यात तीन नव्या आल्या असत्या.' आणि दुसरे म्हणाले, 'एवढ्या स्वस्तात? मग नक्की काहीतरी राहिलंय!' आता रडू की हसू?

त्यात आले भिंगवाले. जुन्या गाड्यांच्या संघाचे अध्यक्ष, गळ्यात भिंग. म्हणाले, 'मागचं दार उघडा.' मी रुबाबात बटण दाबलं. दार वर. भिंगवाले कमरेतून वाकून आत शिरले... आणि दांड्यांनी सोडला ना जीव! फुस्स्! दार त्यांच्या पाठीवर! अर्धा माणूस आत, अर्धा बाहेर, आणि आतून आवाज काय? 'हे कार्पेट मूळ नाही!'

सगळ्यांची धावपळ. मी बटण दाबतोय, टोपीवाले सल्ला देतायत... आणि बाबा उठले! खुर्चीतून उठले, लंगडत आले, एका हातानं दार उचललं, दुसऱ्या हातानं आपली काठी नेमकी त्या जुन्या खाचेत सारली. न बघता! दार जागच्या जागी. आणि भिंगवाले बाहेर, भिंगासकट!

आता काठी दाराला, मग बाबा चालणार कशाच्या आधारानं? लांबडीच्याच! तिच्या अंगावर हात ठेवत ठेवत पुढे गेले, दार उघडलं आणि बसले... चालकाच्या जागेवर! खाली बघितलं. 'क्लच नाही? म्हणजे डाव्या पायाला कामच नाही?' म्हटलं, 'नाही.' म्हणाले, 'हे झकास केलंस.' बस्स! मी भरून पावलो! टोपीवाल्यांकडे असं बघितलं मी!

म्हटलं, चला बाबा, सरका, मी फिरवून आणतो. तर किल्ली फिरवली त्यांनीच! 'सरका काय? सूनबाई, तू बस शेजारी. आणि तू रे? बघतोस काय? मागे जा. काठी धर.'

आणि निघाली लांबडी! मैदानाला फेरी! बाबा पुढे, ताठ. ही शेजारी, हसतेय. आणि मी... पन्नाशीचा माणूस, कागदोपत्री गाडीचा मालक... उलट्या सीटवर, पाय लोंबकळत, दोन्ही हातांनी काठी धरून! मागून भिंगवाले धावतायत, 'अहो, ती काठी मूळची आहे का?' आणि पुढून बाबांचा आवाज, 'काठी सोडू नकोस रे!... आणि काय रे, एकूण किती लागले?'

मिस्त्री म्हणाला, साहेब, दांड्या बदलून देतो. म्हटलं, हात लावशील तर याद राख! दर रविवारी बाबा सकाळपासून तयार असतात मैदानावर जायला. आणि लोक अजून विचारतात, एवढे लागले, मग मिळालं काय? काय मिळणार हो...

माझी जुनी जागा!