शेंदराखालचा नंबर

विशू, ती पोथी मिट आधी आणि ऐक, आत्ता काय झालं ते ऐक — मैदागिनच्या कारखान्यातून अर्धी काशी तुडवत थेट इथे पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांपर्यंत सुटलोय मी, मधे कुठे थांबलो नाही. नको, पाणी नको. शिवरामपंत वैद्यांची मोटर माहीत आहे ना तुला? तीच रे, साहेबाच्या लिलावातली, पूल ओलांडून गंगेपार रामनगरला रोगी बघायला निघाले की मागे हा धुराचा लोट! तर तिला नवीन पिस्टन पाहिजे होती. आणि जुन्या मोटरीचं कसं असतं, गुरू — कागदावर एक इंजिन आणि आत बसलेलं दुसरंच, कुणी कधी बदललं काय माहीत. कंपनी तीच, दिसायला सेम टू सेम, पण एका सालचं पिस्टन एवढं तर दुसऱ्या सालचं सूतभर मोठं. म्हणून आमचे मोठे मिस्त्री, उस्ताद, पहिल्या दिवसापासून बजावतात, कागद सोड, इंजिनावर ठोकलेला नंबर बघ, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आमच्या कारखान्यात ते काम माझं. इंग्रजी वाचता येतं म्हणून माझं — त्यावरच तर ठेवलंय मला, नाहीतर बाबांनी केव्हाच घाटावर संकल्प सांगायला बसवलं असतं.

आता तू सांग, इंजिनाला शेंदूर कोण लावतं? चाकाला हळदकुंकू लाव, हार घाल, कोण नाही म्हणतंय! पण वैद्यांच्या गंगाकाकू — दर दसऱ्याला बॉनेट उघडायला लावायचं आणि तेलात कालवलेला शेंदूर थापायचा, तोसुद्धा नेमका त्या सपाट जागेवर जिथे नंबर आहे. बारा वर्षं! मारुतीसारखा बोटभर थर, इंजिनाच्या धगीने भाजून दगड झालेला. दिसणार काय डोंबल? मग मी घेतला कागदावरचा नंबर आणि तोच विलायतेला ऑर्डरीत गेला. — काकू नको म्हणाल्या का? ऐक ना पुढे, मधे मधे करू नकोस.

तीन महिन्यांनी जहाजाने माल आला. आज उस्ताद स्वतः आले शेडमध्ये. वैद्यबुवा हजर, काकू नारळ घेऊन हजर — नवीन सामान बसणार म्हणून. इंजिन उघडलं, आणि पिस्टन तोंडाशीच अडलं. मोठं. जाईचना आत. उस्तादांनी नीट कपड्याला हात पुसले आणि मला विचारलं, "ढुंढी, नंबर अपनी आँख से पढ़ा था?"

मी म्हटलं, जी उस्ताद.

काय करणार होतो? तोंडातून निघून गेलं! उस्तादांनी शेंदराच्या थराकडे बोट केलं. देवाच्या वस्तूला माझा, मुसलमानाचा, हात नको, म्हणाले, पंडितजी, तुम्हीच पुसा. वैद्यबुवांनी रॉकेलची चिंधी घेतली, खरवडून खरवडून काढला शेंदूर — खाली नंबर दुसराच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी म्हटलं, काकूंनी हात लावू दिला नाही.

असा बघू नकोस माझ्याकडे. हो, नव्हतं विचारलं! नंबर घ्यायला गेलो त्या दिवशी त्यांनी बेसनाचा लाडू ठेवला हातावर, आईची चौकशी केली, आणि तो शेंदूर इतका नीट लावलेला — म्हटलं कशाला उगाच, कागद आहेच की. मला वाटलं आता त्या म्हणतील, खोटं बोलतोय हा. म्हणायला पाहिजे होतं! तर त्या एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या आणि उस्तादांना म्हणाल्या, "हो, मीच नको म्हटलं त्याला. पोराची चूक नाही."

वैद्यबुवा असे भडकले, विशू. तिथेच, सगळ्यांसमोर. तुझ्या शेंदरापायी या वयात मी अजून तीन महिने नावेतून जाऊ का, म्हणाले, रोग्यांना काय सांगू, तुझी अक्कल चुलीपलीकडे गेलीच नाही कधी. त्या खाली मान घालून उभ्या. नारळ तसाच हातात. आणि उस्ताद मला म्हणतात, जा, पेचकस-पाने धू. म्हणजे नोकरी राहिली! पण म्हणताना नजर अशी, की त्यांना सगळं कळलंय.

मला राग कसला येतोय, सांगू? कुणी सांगितलं होतं त्यांना? मी मागितलं होतं का? माझी कोण त्या — आत्या की मावशी? जाताना माझ्याजवळून गेल्या, म्हणाल्या, जेवला नसशील, घरी ये. घरी! त्याच घरी, जिथे आता रोज त्यावरून बोलणी खायची त्यांनी. आणि मी तोंड उघडायचं म्हटलं तर उद्या कारखान्याची पायरी बंद, आणि नाही उघडलं तर —

पोथी काय उघडतोस परत? एरवी एवढे शास्त्रार्थ करतोस. तू असतास तिथे, हातात पेचकस आणि समोर त्या अशा मान खाली घालून — बोल ना, काय केलं असतंस तू?