आतला खिसा

नाही हो, चिडलेली नाही मी. चिडले असते तर दार उघडलंच नसतं. या — पसाऱ्याकडे बघू नका — बसा कुठंही, खुर्च्यांवर बाह्या मांडल्यात, त्या गठ्ठ्यावर बसा हवं तर. कॅमेरा तेवढा पिशवीतच राहू दे. आणि वही काढलीच आहे, तर पहिल्या ओळीत लिहा, दहा नियम मिळणार नाहीत. माहितेय मला, फोनवर तुमच्या मासिकासाठी मीच कबूल केलं होतं — 'वसंत ऋतूसाठी शहाणं कपाट, दहा सोपे नियम, शनिवारी या, फोटोही काढा' — माझेच शब्द. सोमवारचे. सोमवारी मी दहा काय, पन्नास दिले असते. आज शनिवार आहे आणि पाच वाजेपर्यंत मला हे जाकीट पुरं करायचंय, त्यामुळे हात थांबणार नाही माझा. बोलते तशीच.

काय विचारलं होतंत फोनवर? परत येताना काय वाटलं होतं आणि आल्यावर काय दिसलं, हेच ना? सांगते की. वाटलं होतं, दुकानात माणसं असतील. कोपर फाटलेला कोट घेऊन कुणी, थोरलीचा फ्रॉक धाकटीच्या मापाचा करायला कुणी, आणि मधे बाबा, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तिकडे परदेशात, कपड्यांच्या कॉलेजात, तीन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत होते. शेवटचा प्रबंधसुद्धा बाबांच्या दुकानावर लिहिला, नव्वद पानं, 'माझे वडील चिंधी टाकत नाहीत' हे पहिलं वाक्य. आणि दिसलं काय? अर्धं शटर खाली. आत बाबा नव्या कोऱ्या पँटी आखूड करत बसलेले. दिवसाला दोन, फार तर तीन. लोक समोरच्या दुकानातून तयार घेतात, पायाला चार बोटं लांब होते, की आणून टाकतात बाबांच्या पुढ्यात. सहा धुण्यांत विटणारी पँट — आणि तिला माझा बाप हाताने तुरपाई घालतोय, असा बारीक टाका की उलट करून बघितलं तरी दिसू नये! मला रडायला यायला हवं होतं. मला राग आला. राग मला लवकर येतो, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी आले बारा कपडे घेऊन. एका बॅगेत बारा. वर्षभराला तेवढे पुरतात, हे मला सिद्ध करायचं होतं — कुणापुढे? बाबांपुढे! बॅग उघडून भाषण दिलं त्यांना. ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाले, "बारा? बरेच आहेत, मास्तरीणबाई. माझे सहा असतील. पण मी कधी मोजले नव्हते." तेव्हापासून मी मास्तरीणबाई. हसा, हसा. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

आता ते मागच्या खोलीतलं. तिथं एक लांब पाइप आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्यावर कपडे. पूर्ण शिवलेले, इस्त्री केलेले, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी. गिऱ्हाईक शिवायला टाकून गेलं आणि न्यायला आलंच नाही, असे. काही दोन वर्षांचे, काही पंधरा. बाबा वर्षातून दोनदा सगळे झटकतात, ऊन दाखवतात, परत टांगतात. मोजले — मी मोजतेच — त्र्याहत्तर. त्र्याहत्तर, मॅडम! चांगलं दणकट कापड, अस्तर लावलेलं, आणि अंधारात लोंबतंय. मी म्हटलं, बाबा, हे बेवारस कपडे मला द्या. ते म्हणाले, "बेवारस नाहीत. राहिलेत." मी म्हटलं, दहा-दहा वर्षं कुणी येत नाही, म्हणजे सोडलेच की त्यांनी. तर म्हणाले, "नेले नाहीत म्हणजे सोडले असं नाही." वाद संपला. बाबांच्या घरात वाद असाच संपतो, ते मशीनवर बसतात आणि मशीनचा आवाज सुरू होतो.

हो, लिहिलंत ना तुम्ही, 'वडिलांनी मोठ्या मनाने जुना ठेवा मुलीच्या हाती सोपवला.' वाचलं मी. तुमची काय चूक, मी प्रदर्शनात स्टेजवरून तसंच सांगितलं होतं.

सोपवला नव्हता. झालं, बोलून गेले. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, घर इथं वरच, जिना चढायचा नाही म्हणून तीन आठवडे ते आत्याकडे राहिले. त्यातल्या पहिल्या आठ दिवसांत मी एकतीस कपडे कापले. कापताना इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, तेही सांगते. दोन कोटांचा एक झगा, चार शर्टांचा एक स्कर्ट — एकतीसांतून चौदा, आणि नवं कापड एक बोटभरसुद्धा नाही. बाबा प्रत्येक कपड्याच्या आत, शिवणीला, दोन-दोन बोटं कापड जास्तीचं ठेवतात. सगळे जुने शिंपी ठेवायचे. माणूस वाढलं, सुटलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. तिकडे आम्हाला शिकवलेलं, कपडा आतूनही बाहेरूनइतकाच नेटका दिसायला हवा. मी ते सगळं जास्तीचं कापून टाकलं. टाकलं नाही, चुकले — बारीक कातरून उशीत भरलं! चिंधीसुद्धा वाया नाही! ती उशी मी स्टेजवर उंच धरून दाखवली, आणि टाळ्या पडल्या, तुम्हीही वाजवल्यात, पहिल्या रांगेत होतात.

बाबा चौथ्या रांगेत होते. काळा चष्मा, शेजारी आत्या. मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. का म्हणजे? वाटलं, एवढे लोक उभे राहून टाळ्या वाजवताना बघितलं की त्यांनाही पटेल. आणि मग माइक हातात आला आणि तोंडातून ते वाक्य गेलं — 'हे सगळे कपडे बाबांनी मला वारसा म्हणून दिले.' त्यांच्या देखत. सगळा हॉल मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागला, आणि ते उठले, मान लववली, बसले. मला खोटं पडू दिलं नाही. नंतर आत्याचा हात धरून कपडे चढवलेल्या चौदा पुतळ्यांपुढून फिरले. दिसत नव्हतं नीट, म्हणून बोटांनी बघत होते — बाहीची घडी, काजाचा टाका — आणि आत्याला हळूच सांगत होते, हा पोस्टमन. ह्या दाताच्या डॉक्टरीणबाई. हा तो उंच मास्तर, याचा डावा खांदा खाली आहे बघ. जसं काही ती माणसंच उभी आहेत. माझ्यापाशी आले, म्हणाले, "टाके छान आहेत." बास. त्यापेक्षा एक ठेवून द्यायची होती ना! मला ओरडणारा बाप चालला असता. ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

थांबा, दोरा संपला... हं.

तुम्हाला सगळ्यांत काय आवडलं होतं? पाचवा नंबर. मुखपृष्ठावर तोच घ्यायचा म्हणत होतात — राखी-निळ्या जाकिटाचं मी बिनबाह्यांचं केलं होतं ते, छातीवर खिसा असलेलं. त्या खिशाबद्दल तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलात. 'अनपेक्षित जागी आलेला खोडकर खिसा.' तो खिसा मूळ जाकिटाच्या आत होता. अस्तराच्याही आत, डाव्या काखेखाली, हात घातल्याशिवाय कळू नये असा. मला वाटलं, किती सुंदर काम आणि कुणाला दिसत नाही! म्हणून मी तो काढून दर्शनी भागावर लावला. आणि सोमवारी ते जाकीट पुतळ्यावर चढवून दुकानाच्या काचेत उभं केलं, रस्त्यावरून दिसावं म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी एक बाई आल्या. बाबाही होते, त्या दिवशीच डॉक्टरांनी त्यांना जिना चढायची परवानगी दिली होती, तर थेट इथंच आलेले. बाई दारातच थांबल्या, काचेकडे बघत. पन्नाशीच्या असतील. मला वाटलं, गिऱ्हाईक! माझी टकळी सुरू — हे बघा, यात नवीन कापड नाही, या वसंतात शहाण्या बाईच्या कपाटात — त्यांनी पर्समधून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातून चिठ्ठी. आठ घड्या घातलेली. बाबांचं अक्षर. 'बाईंचं जाकीट, राखी-निळं. खिसा एक, आतून.' तारीख अकरा वर्षांपूर्वीची. म्हणाल्या, "उशीर झाला ना? तेव्हा नोकरी लागली होती, त्यासाठी टाकलं होतं शिवायला. मग जमलं नाही जायला." का जमलं नाही, कुणी जमू दिलं नाही, काही नाही, एवढंच. "आता सोमवारपासून जायचंय." आणि मग पुतळ्याकडे बोट करून मला विचारलं — मला, बाबांना नाही — "तो खिसा... तो आत होता ना?"

सांगा ना, तुम्ही शब्दांच्या धंद्यातल्या. खोडकर खिसा म्हणू?

आणि त्या चिडल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग येतो! "असू दे," म्हणाल्या, "माझंच चुकलं, इतकी वर्षं कोण ठेवणार." कोण ठेवणार? हा माणूस ठेवत होता! अकरा वर्षं, वर्षातून दोनदा ऊन दाखवून! बाईंना पक्कं माहीत होतं की तो ठेवणार, म्हणून तर चिठ्ठी जपली. आख्ख्या जगात त्यांची एक गोष्ट सुखरूप होती आणि ती मी कापली, आणि वर त्याला कपाटाचा शहाणपणा म्हटलं.

बाबा उठले. गळ्यात टेप घातली. "या बाई, माप घेऊ," म्हणाले, जशा त्या कालच येऊन गेल्या होत्या. माप घेतलं, मी वहीत लिहीत गेले. छाती तीन इंचांनी वाढलेली. ती दोन-दोन बोटं असती ना आत, तर अर्ध्या तासात उसवून मापात बसवलं असतं बाबांनी, त्यासाठीच तर ठेवली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "शनिवारी पाच वाजता तयार असेल." बाई गेल्या. मग टेप माझ्या गळ्यात अडकवली. म्हणाले, "शब्द मी दिलाय, शिवायचं तू. माझे डोळे अजून धुरकट आहेत." आणि आत्याकडे परत गेले. तेव्हापासून आलेले नाहीत. फोन केला तर आत्या म्हणते, झोपलाय. दुपारी, संध्याकाळी, केव्हाही झोपलाय. मी माझ्याच बापाचा न्यायचा राहिलेला कपडा झालेय, मॅडम.

गुरुवारी रात्रभर हे नियम लिहायचा प्रयत्न करत होते, तुमचेच. 'वसंतात फिक्या रंगाचे टिकाऊ सात कपडे घ्या.' घ्या! वाचवायला निघालोय आणि पहिला शब्द घ्या! 'जे वर्षभर घातलं नाही ते काढून टाका.' त्या बाईंनी अकरा वर्षं घातलं नव्हतं. टाकायचं का? मी आजही मानते हो सगळं, कपड्यांचे ढीग, रंगांनी नासलेल्या नद्या, एक अक्षर मी मागे घेणार नाही. पण मला वाटलं होतं, कापड वाचवायचं असतं. कापडाच्या आत कुणीतरी असतं, हे नव्वद पानांत एकदाही लिहिलं नाही मी.

हो, शर्ट छान आहे. सैल आहे, कारण तो बाबांचा आहे, सहांतला एक. माझा कोट? तोच तर हा. तपकिरी. काल उशी फाडून पाहिली, राखी-निळं काही मिळतंय का, तर नुसता भुगा. म्हणून दोन्ही काखांखाली माझ्या कोटाच्या पट्ट्या घालतेय. दिसतील. दिसू देत. मी बाईंना सांगणार आहे कुठून आल्या त्या. आणि हा खिसा, हा गेला आत परत, बघा — नको, हात नका घालू. तो तुमचा नाही.

काल सकाळी ठरवलं मी. चौदाच्या चौदा उसवायचे. एकतीस परत उभे करायचे, चिठ्ठीवर लिहिलेत तसे, आणि आत दोन बोटं सोडून. जिथं कापड कमी पडेल तिथं माझ्या बारांतलं जाईल. कुणी न्यायला येवो न येवो, परत त्या पाइपवर टांगायचे. मग आत्याकडे जायचं आणि तो झोपलेला माणूस उठेपर्यंत दारात बसायचं. तेव्हा मुखपृष्ठ रिकामं ठेवा नाहीतर दुसरं कुणी शोधा, आणि छापायचंच असेल तर मी स्टेजवर खोटं बोलले ते छापा. आता जा. साडेतीन झाले, मला काजं करायचीत. आणि जरा जपून उठा — पोस्टमन आहे तो, तुम्ही बसलात तो गठ्ठा. मघापासून त्याच्यावर बसलायत तुम्ही.