धाकटीचा आकडा

– नाही हो भाऊ, त्या खुर्चीवर नका बसू, ती डुगडुगते, आणि इथे कुणी पडून चालत नाही – आपटलात की कोपरभर काळेनिळे व्हाल आणि वर नर्स तुम्हालाच ओरडेल. या, इकडे बसा. नवीन ना? वही बघूनच कळलं, कोपरे अजून सरळ आहेत. माझी ही तिसरी वही, अकरा वर्षं झाली. घाबरायचं काही नाही – बोटाला टोचतात, थेंब घेतात, यंत्र आकडा सांगतं. दोन ते तीनच्या मध्ये असला की रक्त हवं तेवढंच पातळ. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्त थांबत नाही. आणि पालेभाजी खायची तर रोज सारखीच खायची – एकदम वाढवली की आकडा घसरतो. एवढं पाठ करून ठेवा, नर्स विचारते.

मी? माझी हृदयातली झडप बदललीय. पण आज माझी पाळी नाही – माझी धाकटी जाऊ बसलीय आत. तिच्या पायात गुठळी झाली, आठ महिने झाले, तेव्हापासून तीही ह्याच रक्त पातळ करायच्या गोळीवर. एका घरात दोन जावा आणि दोघींची गोळी एक – लोक हसतात. मीही हसले. मग आला तिचा आकडा – अडीच. पुढच्या वेळी – अडीच. त्याच्या पुढच्या वेळी किती असेल? अडीच! दीर घरी येऊन फ्रिजवर लिहायला लागले. वर तिचा अडीच, खाली माझा – कधी एक पॉइंट नऊ, कधी तीन पॉइंट सहा. आमचे हे म्हणतात, बघ, तिच्याकडून शीक. अकरा वर्षांची जुनी पेशंट मी, आणि कालच्या बाईकडून शिकू? नर्ससुद्धा तिला 'आमची हुशार मुलगी' म्हणते – बावन्न वर्षांची घोडी आहे हो ती! तशी स्वभावाने चांगली आहे. तेच तर. वाईट असती तर मला एवढा त्रास झाला नसता. खरं सांगू? त्या घरात माझं असं होतं काय – टीव्ही सासऱ्यांचा, बाल्कनी ह्यांची, स्वयंपाकघर माझं पण खाणारे सगळे – एक आजार तेवढा माझ्या एकटीचा होता. येणारा-जाणारा विचारायचा, आकडा किती आला? आता विचारतात, दोघींचा किती?

केलं म्हणजे? मी काय केलं, काही नाही केलं – सूप केलं. धाकटी पालेभाजीला हात लावत नाही, म्हणून तर तिचा आकडा हलत नव्हता. संध्याकाळी सगळ्यांना टोमॅटोचं सूप, तिच्या वाडग्यात उकडून वाटलेला पालक. रंग? वरून बीट किसलं की सगळे रंग गप्प बसतात. म्हटलं एकदा, फक्त एकदाच तिचा आकडा दोनच्या खाली यावा, दिरांनी तो फ्रिजवर लिहावा आणि मी म्हणावं – होतं गं असं, मनाला लावून घेऊ नकोस. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. तीन आठवडे लागले. आला – एक पॉइंट चार. मी वाक्य म्हटलं. तर ती माझ्या गळ्यात पडून रडली – म्हणाली, वहिनी, तुम्ही आहात म्हणून धीर आहे.

मग तिचा पाय बघितला मी. सुजला होता थोडा. त्याच दिवशी पालक बंद. वाटलं, सुटले. पण डॉक्टरांनी गोळी वाढवून ठेवली होती ना – त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना! गोळी जास्त आणि पालक नाही, आता तुम्हीच जुळवून बघा. आज दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेचना. मघाशी यंत्र म्हणालं – सात पॉइंट दोन. नर्सने पुन्हा टोचलं, तिला वाटलं यंत्रच बिघडलं.

ही पिशवी? भाजी आहे, येताना घेतली. पालकच, अर्धा किलो. म्हटलं घरी गेल्या गेल्या पाजावा, म्हणजे आकडा खाली – आणि डॉक्टर गोळी कमी करतीलच – थांबा हं. ते गोळी कमी करणार, वर मी पालक घालणार. म्हणजे परत गुठळी. परत तो पाय.

डॉक्टरांनी विचारलं होतं मघाशी, दार उघडंच होतं, खाण्यात काही बदल? तर धाकटी कौतुकाने सांगते कशी – वहिनी माझ्यासाठी वेगळं सूप करतात! डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात.

तुम्ही सांगता का आत जाऊन? बाहेरच्या माणसाने सांगितलं की बरं असतं. नको? असं काय बघता हो माझ्याकडे – पाय घ्या बाजूला, जाऊ द्या मला. सिस्टर! डॉक्टरांना म्हणावं, आत्ताच काही लिहू नका. डॉक्टर, मी थोरली. हिच्या वहीत घाला – पालक, रोज पाव किलो, तीन आठवडे, सूपमधून, हिला न सांगता. नाही, चुकून नाही. मुद्दाम. – तू रडू नकोस गं, आधी हिरडीवरचा कापूस घट्ट धर. – आणि सिस्टर, दार लावून घ्या, बाहेर तो नवीन माणूस सगळं ऐकतोय.