मसणवट्यातला तास

कोंबडी तिथंच बांधा, बाई, त्या उखळाला. दोरी आखूड करा – माझ्या पायाला टोचा मारतेय ती – हां. बसा आता. दंड म्हणून आणलीत ना? मुखियानं सांगितलेली? बघू – बारीक आहे. असू दे. तुम्ही मसणवट्यातून तोडलेल्या सात-आठ पानांसाठी एवढी पुरे. आणि तो तक्ता? दाखवा. वा, छान चिकटवलंय पोरांनी. 'आमच्या गावचं जुनं रान' – माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण एवढं वाचता येतं मला. हे आंब्याचं पान, हे निलगिरीचं, आणि ही खालची ओळ – म्बावा, म्लोम्ब्वा – ही मसणवट्यातली. मेलेल्यांची पानं सहावीच्या भिंतीवर. आणि वर विचारताय, पोरांच्या आया शाळेवर का धावून आल्या? माझी आई असती तर तिनं शाळेचा पत्राच उतरवला असता.

तुम्ही लिलाँग्वेच्या. शहरात मसणवट्याला भिंत असते, फाटक असतं. इथं भिंत नाही, इथं मी आहे. मी आणि माझी खड्डे खणणारी माणसं. कुणी गेलं की गाव आत जातं, एरवी कुणी नाही – सरपण मोडायचं नाही, पडलेलं फळ उचलायचं नाही, आणि लेकरांनी तर तिकडं फिरकायचंच नाही. नियम कुणी घातला? मला काय माहीत. मला मामानं सांगितला, मामाला त्याच्या मामानं. म्हणून तर ती झाडं राहिली. नाहीतर हा डोंगर बघा समोरचा, टकला. मी लहान होतो तेव्हा त्याच्यावर भर दुपारी ऊन खाली पोचत नव्हतं. आधी तंबाखूच्या भट्ट्यांना लाकूड गेलं, उरलं ते कोळशाला. मग वादळाच्या साली डोंगरच खाली आला, दगडमातीसकट. माझ्या बहिणीचं घर अजून त्याच्याखाली आहे. बहीणही. गावातल्या सगळ्यांचे खड्डे मी खणले, तिचा तेवढा राहिला – जाऊ दे. हा मक्याचा थोब्वा प्या. आज सकाळीच गाळलाय, गोड आहे.

ऐकतोय हो मी. गावच्या रानाचा इतिहास गावातच शिकवायचा, त्यासाठी शाळेला मदत आलीय, चांगलं आहे. आणि जुनं रान उरलंय फक्त मसणवट्यात, म्हणून पोरांना एक तासभर आत सोडा. नाही. नाही म्हणलं ना, बाई. दुसरी कोंबडी आणलीत तरी नाही, ती जाडी असली तरी नाही.

माझ्यामागं कोण बघणार? भाचा, आणखी कोण. योसेफाती – सायकलवर कोळशाची पोती लादून झोंब्याच्या बाजारात जातो तोच. आई डोंगराखाली गेली, हा अजून कोळसाच पाडतो. मागच्या मयतीला खड्डा खणायला आत आला होता, तर म्बावाच्या बुंध्याला मिठी मारून उभा. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. माप घेत होता. बोललो ना, बोललो. 'हो मामा' म्हणतो. माझ्यासमोर तो कधीच नाही म्हणत नाही. आणि त्याला अडवणार कोण? कुणाला माहीतच नाही आत काय आहे. न बघितलेल्या झाडासाठी कोण भांडतं?

म्हणजे, पोरं अगदीच आत गेली नाहीत असं नाही. एकदा गेली होती. तुमच्या आधीचे म्बेवे मास्तर वारले तेव्हा. शाळेच्या माणसाला शाळेनं पोचवायचं, गणवेशात यायचं, गाणं म्हणायचं, तेवढी मुभा आहे. मी फावडं धरून उभा. सगळी पोरं मास्तरांना ठेवलेल्या पेटीकडं बघताहेत आणि ती एलिफा, कुंभारणीची, ती वर बघतेय. मान मोडेल इतकं वर. तोंड उघडं. गाणं संपलं तरी उघडंच. मग हळूच मला विचारते, आजोबा, हे कुणी लावलं? मी म्हणलं, गप. प्रेतासमोर काय सांगणार? पण तो प्रश्न डोक्यातून जातच नाही, बाई. झोप येत नाही – म्हणजे झोप तशीही येत नाही, पोटात दुखतं, त्या झोंब्याच्या डॉक्टरनं – ते सोडा. तक्ता द्या इकडं, पानं मी आत ठेवून येईन.

सोडा म्हणलं ना. काय म्हणणार डॉक्टर? म्हणाला, घरी जा, आवडेल ते खा. मी विचारलं, औषध? म्हणाला, आवडेल ते खा. चांगला माणूस आहे, माझ्याकडं बघत नव्हता बोलताना.

मगाशी तुम्ही काय म्हणालात – गावातल्या म्हाताऱ्याला शिकवायला बोलावता येतं? आणि त्याचं नाव मास्तरांच्या यादीत लागतं? नक्की? हेडमास्तरांना विचारलंत? मग लावा माझं. हसू नका. बिझिवेकी, पूर्ण लिहा. दर गुरुवारी येईन. वर्गात नको, शाळेतल्या आंब्याखाली बसेन. डोंगरावर कुठं काय होतं ते सांगेन, कुणी तोडलं तेही सांगेन. योसेफातीची पोरगी सहावीतच आहे ना? तिला पुढं बसवा. आधी नावं पाठ होऊ देत. झाडं मग बघतील.

कधी म्हणजे? बाई, तुम्ही शिकलेल्या ना? मास्तर गेला की शाळा येते, गणवेशात. नियम आहे. मी काही नियम मोडत नाही.

गाणी दोनच ठेवा. म्बेवे मास्तरांच्या वेळी इतकी म्हणली की पोरं उन्हानं भोवळ येऊन पडायला लागली. पाद्र्यालाही जरा आवरा. मग पोरांना सांगा, वर बघा. पेटीकडं नाही बघितलं तरी चालेल, तिच्यात बघण्यासारखं काही नसेल. आणि एलिफाला सांगा, ते कुणी लावलं नाही. ते होतंच, आपण मागून आलो. नाही, थांबा, ते मीच सांगेन, गुरुवारी. शाळेला सुट्टी कधी लागते? जुलैच्या शेवटी? हं. सुट्टीत पोरं जमायची नाहीत. बघतो काय जमतंय.

अहो, रडताय काय? अजून एक ताससुद्धा घेतला नाही मी. उठा, निघा आता, ओढ्याला पाणी आहे, उजेडात पार व्हा. कोंबडी? ती राहू द्या. डॉक्टरनं सांगितलंय. जा.