हणमंताला डिपर नाही!

विठ्ठल! विठ्ठल! मृदंगबुवा, जरा हात आवरा. आज मंडळींना एक प्रश्न विचारायचाय.

रस्त्यावर तो कॅमेरा असतो ना, झाडाआडचा? आपण वेगात गेलो की गपकन फोटो काढतो आणि घरी पोचायच्या आधी मोबाइलवर चलान! तो कॅमेरा माणसाचा जीव वाचवायला आहे की खिसा कापायला?

बघा, मागचे तरणे लगेच ओरडले — "खिसा! खिसा!" भरलेला दिसतोय दंड! असू दे. उत्तर मी देत नाही, आख्यान देईल. ऐका!

एक घाटाखालचं गाव. तिथं दोन वडापवाले, जीप भरायची आणि तालुक्याला सोडायची. एक जालिंदर, दुसरा हणमंत. दोघं एकाच उस्तादाकडं गाडी शिकलेले, एका ताटात जेवलेले. मग बिघडलं कुठं? हणमंतानं नवी जीप घेतली, तिथं बिघडलं!

काय असतं बघा. शेजाऱ्याची म्हैस मेली तर आपण सांत्वनाला आधी जातो, आणि व्याली तर खरवस गोड लागत नाही. मागच्या साली या गादीवर ते मोठ्या गाडीचे बुवा येऊन गेले म्हणे. फेटा काय, सदरा काय! मला काही वाटत नाही हं. मी आपला एसटीनं आलो. पण त्यांची गाडी पांढरी होती का काळी, तेवढं मला नंतर सांगा!

तर जालिंदर जळायला लागला. आणि त्यात तेल कुणी ओतलं? त्याच्याच बापानं! तात्या — वय झालेलं, कान पार गेलेले, पण जीभ खणखणीत. रोज तालुक्याला औषधपाण्याला नाहीतर नुसतं चहाला जायचं, आणि बसायचं कुणाच्या गाडीत? हणमंताच्या! वर भर स्टँडवर ओरडून सांगायचं, "जालिंदर, गाडी कशी चालवावी बघ जरा हणमंताची! तू नुसता उधळतोस!"

मंडळी, पोटचं पोर आहे हो ते! माझा बाप माझ्या गाडीत बसत नाही, त्याच्या गाडीत बसतो! जालिंदराचा घास घशाखाली उतरेना. रात्री कूस बदलायचा अन् म्हणायचा, "कुणाचं काय वाकडं केलंय मी? त्यालाच का सगळं?"

आता त्या रस्त्यावर पोलिसांची पांढरी गाडी उभी राहायची, काचेत कॅमेरा लावून. आज चिंचेआड, उद्या वीटभट्टीमागं, परवा उसाच्या कडेला. पण आपले लोक हुशार! समोरून येणाऱ्या गाडीला दोनदा दिवे मारायचे. डिपर! म्हणजे काय? "पुढं कॅमेरा आहे, पाय काढ!" ना ओळख ना पाळख, तरी हा धर्म सगळे पाळतात. सख्ख्या भावाला वाट न देणारा माणूस परक्याला डिपर देतो!

जालिंदरानं काय करावं? चहाच्या टपरीवर सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि हळूच म्हणाला — "ही पांढरी गाडी रोज जागा कशी बदलते? आपल्यातलाच एक त्यांना खबर देतोय. नवी जीप काय आभाळातून पडली का?"

संपलं! एवढंच! नाव घेतलंच नाही. मत्सराला नाव घ्यावं लागत नाही, नुसती भुवई उचलली की काम होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना डिपर, हणमंताला डिपर नाही!

आणि मग टुंग! चलान. पुन्हा टुंग! पुन्हा चलान. हणमंताची बायको म्हणाली, "गाडी हप्त्याची, त्यात हा दंड! संसार करायचा का सोडायचा?" बिचारा हणमंत! कॅमेरा कुठं आहे कळायला मार्गच नाही. मग त्यानं काय केलं? सगळीकडंच हळू जायला लागला! चिंचेला हळू, भट्टीला हळू, वळणाला हळू, सरळ रस्त्याला पण हळू!

जालिंदर खूश! म्हणाला, "आता बुडला! असल्या बैलगाडीत कोण बसतंय?"

कोण बसतंय? अहो, म्हाताऱ्या बसायला लागल्या! बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरी बसायला लागल्या! तात्या तर म्हणायचे, "पाण्याचा तांब्या मांडीवर धरला तरी थेंब सांडत नाही!" हणमंताची जीप आधी भरायची, जालिंदराची माशा मारत उभी. लावायला गेला आग आणि भाजला स्वतःच! आता काय रागाला सुमार?

एक दिवस दोघांच्या जीपा एकामागोमाग गावाकडं निघाल्या. पुढं हणमंत, मागं जालिंदर. समोरच्या ट्रकनं जालिंदराला डिपर दिला. जालिंदर चिंचेपाशी कसा गेला? जसा काही देवळात चाललाय! चिंच मागं पडली, कॅमेरा मागं पडला, आणि दाबला पाय! काटा ऐंशीवर! पण पुढं कोण? हणमंत! आपला हळूहळू. रस्ता अरुंद, पुढं जायला वाव नाही. जालिंदर हॉर्नवर हॉर्न, शिवीवर शिवी — "सरक की बाजूला! इथं पण माझ्या आडवाच आलास का?"

वळण आलं. आणि हणमंतानं करकचून ब्रेक मारला!

धडाम! जालिंदराची जीप मागून जाऊन बसली. नव्या जीपचा मागचा दरवाजा आत गेला. हा उतरला, तरातरा गेला आणि हणमंताची कॉलर धरली — "मुद्दाम मारलास ब्रेक! मुद्दाम!"

हणमंतानं नुसतं पुढं बोट केलं.

पुढं जीपच्या तोंडाला हात टेकून तात्या उभे होते. त्या दिवशी तालुक्याला न जाता मळ्यातून घरी निघालेले, रस्ता ओलांडत होते. हॉर्न ऐकायला कान नाहीत. काठी रस्त्यावर पडलेली. गाडी आणि म्हातारा, मध्ये वीतभर जागा.

जालिंदराचा हात कॉलरवरून गळून पडला. त्याच्या ध्यानात आलं — हा पुढं नसता, तर वळणावर ऐंशीनं मीच आलो असतो!

मंडळी, तिथंच बसला तो रस्त्यावर. म्हणाला, "हणमा, तुला डिपर मिळत नव्हता, तो माझ्यामुळं. मीच पसरवलं होतं."

"ठाऊक आहे," हणमंत म्हणाला. "लई शिव्या घातल्या तुला मनात. पण दंड भरून भरून पाय हलका झाला रे माझा. नाहीतर तुझा बाप आज मीच उडवला असता."

आणि तात्या? त्यांना यातलं काही ऐकूच आलं नाही! काठी उचलली, पोराकडं बघितलं, आणि ओरडले — "बघ! गाडी अशी चालवावी!"

या वेळी जालिंदर रडत रडत म्हणाला, "होय तात्या."

आता सांगा, कॅमेरा कशाला आहे? ज्यांनी लावला त्यांच्या मनात काय होतं, मला ठाऊक नाही. दंड गोळा झाला, हे खरं. पण ज्याला कॅमेऱ्याची जागा ठाऊक होती, तो चिंचेपुरता शहाणा झाला. ज्यानं एक पैसा दंड भरला नाही, तोच बापाच्या अंगावर निघाला होता! मत्सर बरा, असं मात्र घरी जाऊन सांगू नका. बाप वाचला तो हणमंताच्या ब्रेकनं, जालिंदराच्या कपटानं नव्हे.

त्या दिवसापासून जालिंदर ते वळण ओलांडलं की समोरच्या प्रत्येक गाडीला डिपर मारतो. कॅमेरा असो, नसो!

आणि आपण? आपल्या मनात पण एक कॅमेरा दडवलाय. शेजारी किती वेगानं पुढं गेला, भावकीत कुणाची माडी चढली, सगळ्यांचे फोटो काढतो. सरकारच्या कॅमेऱ्याला निदान दंड तरी मिळतो. तुमच्या कॅमेऱ्याला काय मिळालं आजवर? आणि हो, त्या मोठ्या बुवांच्या गाडीचा रंग मला सांगू नका. राहू दे.

बाहेर तुमच्या फटफट्या उभ्या आहेत. घरी जाताना दुसऱ्याच्या काट्याकडं बघू नका, आपला बघा. पुढच्या वळणावर कुणाचा बाप उभा आहे, ते वळण सांगत नाही. वाजवा टाळ! विठ्ठल! विठ्ठल!